आंबागडहून रिकामी आलेली डिस्क

९ नोव्हेंबर, रविवार

रिकामी आली म्हणते माय. डिस्क रिकामी आली!

रिकामी कशी असन? गुंजनचं अख्खं लग्न आहे तिच्यात. हळद, वरात, पंगती, बिदाईच्या वेळी बाबा गोठ्यात जाऊन रडले ते बी. पण मायचं रिकामं वेगळं.

बहिणीचं लग्न उन्हाळ्यात झालं. फोटोवाल्यानं सारं शूटिंग या हार्डडिस्कमध्ये भरून दिलं. तेव्हापासून डिस्क आमच्या बपेऱ्यात घरोघरी फिरून राह्यली. पहिल्यांदा शेजारच्या कलाबाईनं नेली. परत देताना तिनं पोराकडून नातवाचं बारसं टाकून घेतलं. शेजारचं भांडं रिकामं कसं देऊ म्हणते! वाटीभर भाजी आली तर वाटीत मूठभर तांदूळ टाकूनच परत करतात आपल्याकडे, तसंच. मंग तेच चालू झालं. ललिताबाईनं भजनं टाकली. कोणी पिक्चर टाकला. एकानं नुसता बैलजोडीचा व्हिडिओ टाकला, लांबच लांब, बैल रवंथ करून राह्यले. आता त्या डिस्कमध्ये गुंजनचं लग्न कमी अन् गावच जास्त आहे.

दिवाळीत ती आंबागडले गेली. टेकचंदमामाच्या घरी. त्यायची पोरगी रीता. तिले माझ्यासाठी आमी पाहून आलो होतो. कैलाशदादानं जोडलेली सोयरिकीची गोष्ट — माझा चुलतभाऊ, वरठीले प्लांटमध्ये कामाले आहे, सासर आंबागडचं. आमचं घर, आमची माणसं त्यायले दिसावी म्हणून मायनंच डिस्क पाठवली.

आज दादा घेऊन आला. मायनं हात पुसले, टीव्हीले लावली, रिमोटनं खालपर्यंत गेली. कलाबाई, भजनं, बैल. आंबागडचं काहीच नाही. टीव्ही बंद केला.

"समजलं," म्हणते. "तोंडानं नाही म्हणायले लाजले असन. भांडं रिकामं धाडलं."

दादा म्हणे, काकू, इसरले असन. माय म्हणते, पोरीच्या गोष्टीत कोणी इसरत नाही. पुढच्या रविवारी तू आंबागडले जा, अन् आमीच म्हणून राह्यलो नको म्हणून सांगून ये. आपली इज्जत तरी राहील.

म्हणजे माझ्यापाशी रविवारपर्यंतच आहे. त्याच्या पुढच्या मंगळवारी मले हैदराबादले कामावर निघाचं आहे.

 

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळभर बांधीत धान कापलं. पाठ मोडली. हैदराबादले बसून बसून सवय गेली.

रीताले मी दोनदाच पाह्यलं. पहिल्यांदा गुंजनच्या लग्नात. डीजेचा पेनड्राइव्ह लागत नव्हता, मी वायरी चाचपून राह्यलो होतो. ही आली, पेनड्राइव्ह काढला, ओढणीनं पुसला, उलटा करून खोचला. वाजला! "हैदराबादवाले, कॉम्प्युटरमध्येच आहा न तुमी?" म्हणे, अन् गेली पोरींत हासत. दुसऱ्यांदा पाहायले गेलो तेव्हा. तिनं एकच विचारलं — सुटी केव्हा भेटते? मी म्हटलं वर्षातून एकदा. ती "हं" म्हणाली. तेवढंच. मी त्या "हं"वर जगून राह्यलो दिवाळीपासून.

दुपारी डिस्क माझ्या लॅपटॉपले लावली. लॅपटॉप हैदराबादच्या कॉम्प्युटर दुकानातल्या शेठनं दिलेला, भंगारातला. विंडोज त्याले झेपत नाही म्हणून लिनक्स टाकलं आहे. फुकटचं, हलकं. आठवीतून शाळा सुटली तरी हे शिकलो — अक्षर अक्षर जोडून, फोनवर पाहून पाहून.

गुंजनचं लग्न उतरवून घेतलं. ठीक उतरलं. मंग मनात आलं, आपणही काही टाकावं. फोनमधला धानकापणीचा व्हिडिओ टाकायले गेलो. डिस्क नाही म्हणे! वाचता येते, लिहिता येत नाही. थोडा वेळ घेतल्यासारखं केलं अन् दार लावून घेतलं.

काळ्या पडद्यावर मशीनचं पुटपुटणं पाह्यलं. तिथं ते सगळं लिहिते. इंग्रजी. दोन-तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात गेलं — ही डिस्क मागच्या वेळी नीट काढली नव्हती. काही डेटा खराब असू शकते. तपासणी चालवा.

मी ताडकन उठलोच!

याचा अर्थ असा आहे. डिस्कमध्ये काही टाकाचं असलं का ती आपल्या अंगावर एक खूण लावते — काम चालू आहे म्हणून. टाकणं झालं, आपण काढतो म्हणून सांगितलं, का ती खूण पुसते. मधातच वायर ओढली तर खूण तशीच राहते. आमचा जुना टीव्ही नुसता वाचते, तो खूण लावत नाही. अन् दिवाळीत आंबागडले धाडाच्या आधी मीच ती डिस्क नीट काढली होती. तिच्यावरचा दिवा विझला तेव्हाच हात लावला होता.

म्हणजे आंबागडलेच कोणीतरी काही टाकून राह्यलं होतं. अन् मधातच ओढली.

रिकामी नाही. अर्धवट आहे!

मायले धावत जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडून राह्यली होती. सगळं आयकून घेतलं. मंग म्हणते, "टाकता टाकता कोणी हात मागं घेतला, तर त्याले काय म्हणावं?"

मी म्हटलं, माय, तसं नसते ते. टाकलेलं आतच राहते, नुसतं त्याचं नाव लिहायचं राहून जाते.

"मंग काढून दाखव," म्हणते. "आत काही असन तर मी सोता आंबागडले जातो साखर घेऊन."

काढून दाखवतोच!

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर लाइन नाही, वीज गेलेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. काहीच नाही झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मी सगळं घालवलंच असतं.

काळ्या पडद्यावर दुरुस्तीचा हुकूम लिहून तयार ठेवला होता. सगळ्याले "हो" म्हणत जा, असा. दाबणारच होतो, तेवढ्यात बाबानं पोतं उचलायले हाक मारली. पोतं ठेवून आलो अन् दाबाच्या आधी म्हटलं एकदा फोनवर वाचून घेऊ. बरं झालं! तिथं एका जाणत्यानं लिहून ठेवलं आहे — ज्या तुकड्यांले मालक नाही, ज्यायचं नाव कुठंच लिहिलं नाही, ते तुकडे ही दुरुस्ती मोकळी जागा समजून सोडून देते. डिस्क ठणठणीत होते. तुकडा जाते.

मले ठणठणीत डिस्क काय कराची? तुकडाच पाहिजे.

एक वेगळा हुकूम आहे. बेवारस तुकडे एका पेटीत जमा करून देते. पण त्यानं बी असं लिहिलं आहे का मूळ डिस्कवर हात चालवू नका. आधी आख्खीच्या आख्खी नक्कल काढा, जशीच्या तशी, रिकाम्या जागेसकट. मंग काय मोडतोड कराची ती नकलेवर करा. बरोबर आहे. दुकानात आमी बी मोठ्या गिऱ्हाइकाची डिस्क असली तर असंच करतो. घरच्या कामात अक्कल जाते माणसाची.

नक्कल ठेवायले माझ्या लॅपटॉपमध्ये जागा नाही.

शेठले फोन लावला. वासुदेवराव आमचे शेठ, तेलुगू माणूस, हिंदी आपल्या ठेक्यात बोलतात. सगळं सांगितलं. ते म्हणे, फॉर्मेट मारो ना, कायकू इतना सर खपारे? मी म्हटलं शेठ, जरूरी है. "गिराक कौन है?" म्हणे. मी म्हटलं, मैं हूँ. मंग हासले खूप. मंगळवारची गाडी मात्र चुकू देऊ नको म्हणे.

उद्या तुमसर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तुमसरले गेलो सकाळच्या बसनं. जीवनचं कॉम्प्युटरचं दुकान आहे बाजारात. शाळेत सोबत होतो. तो पुढे शिकला, मी कामाले गेलो.

त्याले म्हटलं, एक मोठी डिस्क दे चार दिवस, रिकामी. अन् तुह्या इथं बसू दे, इथं लाइन टिकते.

"काय आहे बे एवढं?"

"बहिणीचं लग्न."

"लग्न तर दिसून राह्यलं न सगळं! उतरव अन् मोकळा हो."

मी वायर जोडत राह्यलो. तो माझ्याकडे पाहत राह्यला. मंग काही न इचारता आतून डिस्क आणली, वर मोठा स्टूल दिला. म्हणे, तुह्या लिनक्सले माझ्या गिऱ्हाइकांपासून दूर बसव, ते काळा पडदा पाहून भेतात.

नक्कल सुरू केली. दिवसभर चालली. आकडा सरकते, थांबते, सरकते. मी पाहत बसलो. जीवननं दोनदा चहा पाजला. एका बाईच्या फोनमध्ये गाणी भरायची होती ती माझ्याकडून भरून घेतली. एकाही ठिकाणी अटकलं नाही. म्हणजे डिस्क आतून धड आहे. नुसती दचकलेली आहे.

मधात मायचा फोन. धान काढायची मशीन आजच आली म्हणते, उद्याची होती. बाबा अन् दोन माणसं, तिसरा हात नाही. "बाप मरून राह्यला इथं, अन् तू तुमसरले दिव्याकडे पाहत बस."

तिले कोणं सांगितलं मी दिव्याकडे पाहून राह्यलो म्हणून? पण पाहूनच राह्यलो होतो.

मनात आलं, सोडून द्यावं. मंग वाटलं, का सोडू? कोणाचं तरी बोलणं मधात तुटलं आहे. ते काय होतं हे न आयकता त्याले नाही म्हणून घ्यावं? मी तर नाही घेणार.

मी निघताना जीवन म्हणे, "पोरगी कुठली?"

"आंबागड."

"मंग एवढी भानगड कायले? गाडी घेऊन जाय न, इचारून ये."

जाता आलं असतं तर! बोलणी चालू असताना पोरानं पोरीच्या दारात जाणं म्हणजे टेकचंदमामाचं नाक कापणं. फोन नंबर बी मामाचाच आहे. याच्यावर जीवन म्हणे, आंबागडचा किल्ला सर करणं सोपं होतं लेका.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निघाला! एक तुकडा निघाला!

सकाळी लाइन होती. नकलेवर तो पेटीवाला हुकूम चालवला. कितीतरी ओळी धावल्या. मंग सांगितलं — नाव लागत नाही असं एक भेटलं, पेटीत ठेवलं. पेटी उघडली. एकच फाइल. लहानशी. नाव म्हणजे नुसते शून्य. मशीननं आपल्या मनानं ठेवलेलं, दवाखान्यात बेवारस लेकराले ठेवतात तसं.

उघडत नाही. लॅपटॉपले समजत नाही हे काय आहे. फोटो? व्हिडिओ एवढा लहान नसते. मंग फाइललेच इचाराचा हुकूम आहे, तू कोण म्हणून. त्यानं सांगितलं — आवाज. मोबाइलमध्ये बोलून भरलेला आवाज.

आवाज! म्हणजे नाव लागलं असतं तरी टीव्हीत मायले दिसला नसता, तिनं नुसते व्हिडिओच पाह्यले.

वाजवायले हात नेला अन् लाइन गेली. दिवसभर आलीच नाही. आवाज जीवनच्या डिस्कमध्ये, डिस्क लॅपटॉपच्या भरोशावर, लॅपटॉप लाइनच्या. मी बसलो.

मंग उठलो अन् मशीनवर गेलो. बाबानं नुसतं फडकं दिलं, तोंडाले बांधायले.

कोणाचा आवाज असन? टेकचंदमामा भजन म्हणतात आयकलं आहे. भजन असन तर? तर बी चालते! भजन म्हणजे बी भरलेलं भांडं. मायले तेवढंच पाहिजे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून मशीन. धान संपलं. अंगभर धानाचं कूस, खाजून खाजून जीव गेला. तणसाचा, धानाच्या वाळल्या काडीचा, ढीग घराएवढा झाला.

संध्याकाळी कैलाशदादा वरठीहून आला, आंबागड करूनच. हातपाय धुतले, घरापुढच्या सपरीत बसला, अन् मायले म्हणे, काकू, आपलं चुकलं. टेकचंदमामा भेटले. तेच इचारून राह्यले, तुमच्याकडले काहून गप आहेत? डिस्कमधलं पाह्यलं नाही का? मामानं पोरीले सांगितलं होतं म्हणे — आपलं वावर, बैल, घर, सगळं फोनमधून टाकून दे, त्यायले बी पाहू दे. अन् पोरीनं टाकलं. तिनंच टाकलं, 'बाबा, झालं' म्हणून सांगितलं. मामाच्या मनात पक्कं आहे. ते तर मांडवाचं बोलून राह्यले.

मायनं माझ्याकडे पाह्यलं. आठवड्यात पहिल्यांदा ती हासली.

"निघाला का रे तुहा तुकडा?"

निघाला म्हटलं. आवाज आहे. आयकायचा राह्यला.

"मंग आयक. उद्या सकाळी सांग. तू हो म्हटलं का दादा साखर घेऊनच जाते."

दादा म्हणे, आता कायचं आयकायचं? मामा हो म्हणते, काकू हो म्हणते, हा तर पहिल्या दिवसापासून हो आहे. पोरगा फायलीच खाजवत बसला. मायनं त्याले दटावलं. म्हणे, राहू दे रे, त्यानं मेहनत केली आहे. त्याले आयकू दे.

मी लाजलो थोडा. खोटं कायले लिहू, लई खूश होतो. अजून आहो. पोरीनंच टाकलं, म्हणे! तिनंच!

१६ नोव्हेंबर, रविवार

आयकलं. सकाळी लाइन आली तसा आवाज फोनमध्ये घेतला, अन् तणसाच्या मागं बसून, कानात लावून.

रीताच आहे. हळू बोलते. "हे तुमीच आयका, घरी कोणाले आयकवू नका. बाबा हो म्हणून राह्यले. मले हे लग्न नाही कराचं. मी इथं नाही म्हणू शकत नाही. तुमी म्हणू शकता. तुमच्याकडून नाही येऊ द्या. तुमचा दोष नाही काही. मले असं आहे का —"

बस. तिथंच संपते. पुन्हा लावलं, तिथंच संपते. कोणी आलं असन. वायर ओढली असन.

मंग आत लॅपटॉपपाशी गेलो. मूळ डिस्क लावली, साधी दुरुस्ती चालवली — सगळ्याले "हो" म्हणणारी. बेवारस होतं ते गेलं. नक्कल बी पुसली, फोनमधलं बी. डिस्क आता ठणठणीत आहे. लिहिता येते. काढतो म्हणून सांगितलं अन् दिवा विझेपर्यंत हात लावला नाही.

सपरीत माय साखरेची पुडी बांधून बसली होती. दादा गाडी पुसून राह्यला होता.

म्हटलं, माय, रिकामी नव्हती. त्यायनं टाकलं होतं, मनापासून टाकलं होतं. पण मलेच नाही कराचं. दादाले तसंच सांगायले सांग — पोरगा नाही म्हणते म्हणून.

माय पुडीकडे पाहत राह्यली. मंग माझ्याकडे.

"मंग आठ दिवस कायसाठी मरून राह्यला होता रे?"